आक्काच्या पायासाठी

मी पळायला लागले ते आक्काच्या एका वाक्यामुळे. आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. तिच्या मुलीच्या हळदीला मांडवात बायकांची पंगत बसली होती. मी वाकून पाटावर टेकायला गेले तर पाट एका बाजूनं उचलला गेला. आक्का हातात भाताचं पातेलं घेऊन वाढत होती. तिथूनच ती मोठ्यानं म्हणाली, "आमच्या धाकटीला दोन पाट द्या गं. येका पाटावर निम्मीच मावती."

सगळी पंगत हसली. माझी आई पौडहून मुद्दाम लग्नाला आली होती, तीही त्या पंगतीत होती. तीसुद्धा हसली, आणि मग माझ्याकडे नजर गेल्यावर तिनं तोंडाला पदर लावला. मी जेवले. दोनदा भात घेतला. उठून गेले असते तर तेवढंच आक्काला हवं होतं.

लग्न होऊन मी नेऱ्यात आले त्याला तेव्हा सतरा वर्षं झाली होती. सतरा वर्षं आम्ही दोघी एकाच स्वयंपाकघरात होतो. घरची बरीचशी जमीन गेली, तिथं इमारती झाल्या, आमच्या घरावर दोन मजले चढले आणि तिथं हिंजवडीच्या कंपन्यांतली पोरं-पोरी भाड्यानं राहायला आली. एवढं सगळं बदललं, पण ओट्यापाशी पुढं आक्का आणि मागं मी, हे काही बदललं नाही. मीठ तिच्या हातचं, भांडी माझ्या हातची. दुसऱ्या बाळंतपणानंतर माझं वजन वाढलं ते उतरलंच नाही, आणि तेव्हापासून तिनं मला नावानं हाक मारायचं सोडलं. कधी म्हैस, कधी ढोली, पाहुण्यांसमोर 'आमची धाकटी'. तोंडावर मी तिला कायम अहो-जाहो करायचे. मनात कधीच केलं नाही.

वरच्या मजल्यावर विदर्भातली एक मुलगी राहायची. ती रोज पहाटे पळायला जायची आणि घामानं निथळत जिना चढायची. हळदीनंतर आठेक दिवसांनी मी तिला जिन्यात गाठलं आणि विचारलं, "मला जमेल का गं?" ती हसली नाही. तेवढ्यावरच मी तिची झाले. तिनं स्वतःचे जुने बूट दिले, ते मला अर्धा नंबर घट्ट होते. माझ्या फोनवर गाणी भरून दिली आणि कानात घालायचं ते यंत्रही दिलं. "काकू, पहिले पंधरा दिवस फक्त गाणी ऐका. पायांचं ऐकू नका," ती म्हणाली.

तिनं दिलेली गाणी इंग्रजी होती. मला त्यातलं काही कळेना. मग मी हळदीत डीजेवर वाजलेलीच गाणी भरून घेतली. ती लागली की पंगत हसलेली डोळ्यांपुढं यायची, आणि पाय आपोआप उचलले जायचे. मारुंजीच्या रस्त्यावर पहाटे सिमेंटचे मिक्सर धावतात, कंपन्यांच्या बस धावतात, पाण्याचे टँकर तर रात्रंदिवस. त्यांच्या कडेनं, पंजाबी ड्रेसवर घट्ट ओढणी बांधून मी पळत होते. पहिल्या दिवशी वळणावरच्या खांबापर्यंत गेले आणि ओकले. दुसऱ्या दिवशी त्याच्या पुढच्या खांबापाशी ओकले. रागावर माणूस किती लांब जाऊ शकतं, हे मला त्या महिन्यात कळलं.

सहा महिन्यांत माझं सोळा किलो वजन उतरलं. त्या मुलीच्या ग्रुपमध्ये मी जाऊ लागले. बालेवाडीकडची पाच किलोमीटरची एक शर्यत मी पळाले. पळणाऱ्या सगळ्यांनाच पदक होतं, मलाही मिळालं. पितळेचंही नव्हतं ते, पण मी ते बाहेरच्या खोलीत खिळ्याला अडकवलं, आक्का टीव्ही बघायला बसते त्याच्या बरोबर समोर. दुसऱ्या दिवशी त्याच खिळ्यावर पिठाची चाळण होती. पदक चाळणीच्या मागं.

"खिळा मोकळाच हुता म्हनून लावली," आक्का म्हणाली.

त्याच वर्षी श्रावणात नव्या चपलेनं तिचा उजवा अंगठा सोलला. तिला साखरेचा आजार होता, गोळ्या घ्यायची कधी आठवण राहायची, कधी नाही. अंगठा काळा पडला तरी ती हळद भरून मोजा घालत होती. वास यायला लागला तेव्हा थोरल्या दिरांनी तिला उचलून गाडीत घातलं. दवाखान्यात डॉक्टरांनी आधी बोटं म्हटलं, दुसऱ्या दिवशी पाऊल म्हटलं, आणि शेवटी गुडघ्याच्या खाली चार बोटं सोडून पाय काढला.

ऑपरेशन झालं तेव्हा बाहेर बाकावर मी होते. दीर भिंतीला टेकून रडत होते. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि मलाही रडू आलं. पण आत, अगदी आत, मला बरं वाटत होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला वाटलं होतं की ते बरं वाटणं दोन-चार दिवसांत जाईल. ते गेलं नाही.

शुद्धीवर आल्यावर तिनं पहिल्यांदा मलाच विचारलं, "जोडवी कुटं हायेत?"

नर्सनं ऑपरेशनआधी काढून दिलेली जोडवी माझ्या पर्समध्ये कागदात होती. मी पुडी तिच्या हातात दिली. तिनं उघडून बघितली आणि परत माझ्याकडे सरकवली. "उजव्या पायातली तू घाल. तुझे पाय आता लई कामाचे झाल्यात."

मी पुडी पर्समध्ये टाकली. घरी आल्यावर ती तिच्या कपाटात ठेवून दिली.

घरी आल्यावर आक्काची जागा घरापुढच्या ओट्यावर झाली. दीर सकाळी तिला खुर्चीत बसवून माझ्या नवऱ्याबरोबर चौकातल्या जमिनीच्या व्यवहाराच्या ऑफिसात जात. स्वयंपाकघर माझं झालं. मीठ मी घालू लागले. मी पहाटे पळायला निघायचे तेव्हा ती खुर्चीत असायची, तिला झोपच नीट लागत नव्हती. मी कानात गाणी घालून तिच्या समोरून जायचे. तिचं तोंड हलताना दिसायचं. रोज दिसायचं. ती काय बोलत असेल ते मी मनानंच ठरवून टाकलं होतं. म्हैस, ढोली, हातात बांगड्या भरलेली बाई रस्त्यानं उंडारते. मी आवाज वाढवायचे आणि फाटकातून पळत सुटायचे.

असे दोन महिने गेले. एका सकाळी फोन चार्ज करायचा राहिला होता, गाणी लागलीच नाहीत. कानात यंत्र नुसतंच होतं. मी फाटकाशी पोचले आणि पहिल्यांदा मला ऐकू आलं.

"फाटक लाव गं. कुत्री येत्यात."

एवढंच. मी मागं वळून पाहिलं. ओट्याच्या पायरीवर काठी पडली होती, तिच्या हाताला लागणार नाही इतक्या लांब. मी रोज फाटक उघडं टाकून जात होते, मोकाट कुत्री आत येत होती, आणि पायाच्या पट्टीचा वास त्यांना येत होता. दोन महिने तिनं त्यांना हाड-हाड करून हाकललं असणार.

मी फाटक लावलं. सॉरी म्हटलं नाही. पळताना मला वाटत होतं, एवढंच म्हणायचं होतं तर संध्याकाळी घरात म्हणाली का नाही? पण ती का म्हणाली नाही ते मला माहीत होतं. तिला माझ्यापुढं मागायचं नव्हतं.

त्याच सुमारास आमच्या ग्रुपच्या सरांनी एका मदतीच्या शर्यतीची गोष्ट काढली. पाय गमावलेल्या माणसांना कृत्रिम पाय देणारी एक संस्था होती, तिच्यासाठी लवळ्याच्या बाजूला पळायचं. प्रत्येकानं कुणासाठी पळतोय ते लिहायचं, ओळखीच्यांना पाठवायचं, लोक संस्थेला मदत करणार. सर सगळ्यांना सांगत होते, "गोष्ट हवी. चेहरा हवा. नुसतं पळण्याला कोण विचारतं?"

माझ्याकडे गोष्ट होती आणि चेहरा ओट्यावर बसलेला होता.

आक्का दुपारी खुर्चीतच पेंगायची. मान एका बाजूला पडलेली, तोंड अर्धवट उघडं, साडी वर सरकलेली आणि खाली तो उरलेला पाय. मी तिला उठवलं नाही. फोटो काढला. दोन काढले, त्यातला जास्त वाईट दिसणारा निवडला. खाली लिहिलं, 'ही माझी आक्का. माझ्या आईसारखी. तिच्या पायासाठी मी पळणार आहे.' वरच्या मजल्यावरच्या मुलीनं मला मजकूर नीट करून दिला. वाचताना तिचे डोळे भरून आले.

तो फोटो मी पाठवला तेव्हापासून फोन वाजायचा थांबेना. ज्यांना मी कधी पाहिलंही नव्हतं ते लोक मला ताई म्हणायला लागले. तुम्ही प्रेरणा आहात म्हणाले. मी जेवताना, झोपताना, पळताना ते मेसेज वाचत होते. सतरा वर्षांत मला कुणी चांगलं म्हटलं नव्हतं, आणि आता सगळे म्हणत होते. फिरत फिरत फोटो महाळुंग्याला आक्काच्या मुलीच्या सासरी पोचला. तिच्या सासूनं चार बायकांसमोर तो तिला दाखवला. मुलीनं रडत आईला फोन केला.

मी भाजी चिरत होते. आक्का खुर्ची ढकलत, भिंतीला धरत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली. एवढ्या अंतरात ती घामाघूम झाली होती.

"माझं लुगडं वर गेल्यालं तुला दिसलं न्हाई व्हय?"

"आक्का, तुमच्यासाठीच करतीय सगळं. पाय मिळंल तुमाला."

"मी मागितला व्हता?"

"मागत न्हाई तुमी. म्हनून तर—"

"तुझ्या डोळ्यात दिसतंय गं मला," ती म्हणाली. "तू लई खूश हायेस."

मी विळी आडवी ठेवली आणि म्हणाले, "मग नका घेऊ पाय. बसा हितंच." हे मी शांतपणे म्हणाले. तिच्याशी शांतपणे असं बोलता येतं, हे मला त्या दिवशी समजलं. ती बराच वेळ दारात उभी राहिली. मग एका पायावर उभं राहवेना म्हणून खाली जमिनीवर बसली. तिला तिथून उठवायला मलाच जावं लागलं.

तिनं पाय घेतला. दीर मागं लागले, मुलगी मागं लागली, आणि चालायचं तर तिलाही होतंच. संस्थेची माणसं चांगली होती, हे मला सांगितलं पाहिजे. त्यांनी माप नीट घेतलं, पाय कसा बांधायचा ते शिकवलं. उरलेला पाय वर्षभरात बारीक होत जातो, तेव्हा वाटीसारखा वरचा भाग बदलून घ्यायला येत जा, असं त्यांनी मला दोनदा बजावलं. कागदावर तारखाही लिहून दिल्या. मला, कारण मीच तिची जबाबदार व्यक्ती होते.

शर्यतीच्या दिवशी तिला मंचावर बसवलं. मी दहा किलोमीटर पळून आले, नंतर सगळ्यांसमोर तिनं चालून दाखवायचं होतं. ती चार पावलं चालली. टाळ्या थांबेनात. सरांनी तिच्या तोंडाशी माईक धरला. "बोला आक्का, कसं वाटतंय?"

आक्कानं लोकांकडे पाहिलं आणि म्हणाली, "टोचतंय."

सगळे हसले. मनापासून, प्रेमानं हसले. सर म्हणाले, "किती निरागस!" आणि पुन्हा टाळ्या झाल्या. आक्का पंगतीकडे बघावं तसं त्या गर्दीकडे बघत होती. मला वाटलं, आता कळलं असेल तिला. मंचाच्या खाली गळ्यात पदक घालून मी उभी होते आणि मीही हसत होते.

पुढचं वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं वर्ष होतं. मी एकवीस किलोमीटरची तयारी सुरू केली. रविवारी लांब पळायचं असायचं, घोटवड्याकडे नाहीतर लवळ्याची चढण, आणि नंतर ग्रुपबरोबर कॉलेजच्या पोरांच्या एखाद्या कॅन्टीनमध्ये पोहे. संस्थेच्या तारखा नेमक्या रविवारी असायच्या. पहिली तारीख मी पुढं ढकलली. दुसरीही ढकलली. तिसऱ्या वेळी संस्थेतून फोन आला, तर मी म्हणाले, "आक्कांना बरं नाहीये." आक्का तेव्हा पाय बांधून अंगणात तुळशीला पाणी घालत होती. पाय सैल झाला होता, आत ती जुन्या परकराच्या पट्ट्या गुंडाळायची. चालताना तो कुरकुर वाजायचा. तिनं मला एकदाच विचारलं, "त्यांच्याकडं कवा जायचं?" मी म्हटलं, "तारीख देत न्हाईत ते."

तिनं पुन्हा विचारलं नाही. दिरांना घेऊन गेली असती तर गेली असती. पण दिरांना काही सांगायचं म्हणजे धाकटी नेत नाही असं सांगायचं, आणि तेवढं तिच्या तोंडून निघेना.

दुसऱ्या वर्षी शर्यतीच्या फलकावर आमचा दोघींचा फोटो होता. मी पळताना, ती माझ्या शेजारी उभी, दोन्ही पायांवर. यंदा तिनं माझ्या गळ्यात पदक घालायचं, असं सरांनी ठरवलं होतं. मी त्या दिवसासाठी नवीन बूट घेतले, गाण्यांची नवी यादी केली. कुठल्या किलोमीटरला कुठलं गाणं लागलं पाहिजे ते मोजून लावलं. लवळ्याच्या चढणीला हळदीचं ठेवलं.

सकाळी साडेचारला मी तिला उठवायला गेले. ती उठूनच बसली होती. मांडीवर मोजा होता आणि मोज्याला रक्त होतं. सुकलेलंही होतं आणि ओलंही.

"आज नगं," ती म्हणाली.

आक्का मला कधी असं म्हणाली नव्हती. सतरा आणि दोन एकोणीस वर्षांत कधीच नाही. आवाजात चढ नव्हता. मी खाली बसून पाय बघितला. हाडाच्या टोकाशी रुपयाएवढी जागा उघडी होती, कडा पांढऱ्या. मला कळलं. डॉक्टर नसले तरी एक पाय कसा गेला ते मी बघितलं होतं, मला सगळं कळलं.

"दहा मिनटं उभं ऱ्हायाचंय, आक्का. फक्त दहा मिनटं. मग काढू."

"जळतंय गं."

"सगळी वाट बघत्यात. फोटो लागल्यात तिकडं."

मी स्वच्छ फडकं घडी करून लावलं, वर दुसरा मोजा चढवला आणि पाय बसवला. तो सैल होता म्हणून पट्टा एक भोक पुढं ओढला. तिनं माझ्या खांद्याला धरलं. ओरडली नाही. मी तिला साडी नेसवली, निऱ्या नीट केल्या, केस विंचरले. बाहेर दीर गाडी काढत होते. त्यांना ती म्हणाली, "चला, उशीर व्हतोय." त्यांच्यासमोर ती इतकंच म्हणाली.

मी त्या दिवशी फार छान पळाले. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच झालं. लवळ्याच्या चढणीवर माणसं चालायला लागली होती, मी त्यांना मागं टाकत गेले. कानात ढोल, डाव्या बाजूला उजाडत होतं, खाली नदीकडे धुकं. तिचा पाय मला एकदा आठवला, चढणीच्या अर्ध्यावर. मी आवाज वाढवला. मग तो आठवला नाही.

मी पोचले तेव्हा पाहुणे आलेले नव्हते. त्यांची वाट बघत कार्यक्रम थांबला होता. आक्काला मंचाच्या पायऱ्यांपाशी उभं केलेलं होतं, कारण पाहुणे आले की लगेच वर न्यायचं होतं. दीर गाडी दुसरीकडे लावायला गेले होते ते गर्दीत मागंच अडकले होते. ती कधीपासून उभी होती कोण जाणे. मला लोकांनी घेरलं. फोटो काढले, वेळ विचारली, मुली माझ्याबरोबर सेल्फी घेत होत्या. मी दोनदा तिच्याकडे बघितलं. तिनं कठड्याला धरलं होतं. रिकाम्या खुर्च्या मंचावर होत्या, पाहुण्यांच्या. एक उचलून खाली आणायला मला अर्धं मिनिट लागलं असतं.

पाहुणे आले, भाषण झालं. आक्का दहा पावलं चालली. पदक हातात घेऊन ती माझ्यासमोर आली, तेव्हा तिचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि ओठांवर घाम होता. पदक गळ्यात घालताना तिनं सगळा भार माझ्यावर टाकला. तिची नखं माझ्या मानेत रुतली. कानाशी ती म्हणाली, "आता काढ."

घरी आल्यावर मी मोजा काढला तर त्याच्याबरोबर कातडी आली. मी कोमट पाण्यानं धुतलं, मलम लावलं, पट्टी बांधली. दीर विचारायला आले तेव्हा मी म्हटलं, थोडं खरचटलंय. आक्का छताकडे बघत पडून होती. पुढचे तीन दिवस आमच्याकडे माणसं येत होती. सरपंच येऊन नारळ देऊन गेले, पेपरात फोटो आला, शाळेनं बोलावलं. तीन दिवस मी सकाळ-संध्याकाळ पट्टी बदलत होते आणि रोज जखम मोठी होताना बघत होते. दवाखान्यात नेलं तर ती कशानं झाली ते विचारतील, म्हणून मी नेलं नाही. चौथ्या दिवशी ती तापानं बरळायला लागली.

या वेळी पाय मांडीतून काढला. गुडघा गेला. गुडघा गेला की कृत्रिम पायावर चालणं फार अवघड, आणि या वयात, या आजारात जवळजवळ नाहीच, असं डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी आम्हा सगळ्यांकडे बघून विचारलं, "इतकी जखम होईपर्यंत कुणी बघितली नाही?"

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण खाटेवरून आक्काच म्हणाली, "म्या कुनाला दावली न्हाई."

डॉक्टर तिच्यावर रागावले. दीरही रागावले. "तुझा हट्टच नडला बघ," ते म्हणाले. तिनं मान हलवली.

दुपारी दीर खाली जेवायला गेले. मी तिच्या खाटेशी एकटी होते. मी तिचा हात धरला आणि रडायला लागले. "आक्का, मी सांगते सगळ्यांना. माझ्यामुळं झालं. मी आजच सांगते."

तिनं हात सोडवून घेतला.

"सांगायचं न्हाई."

"पण आक्का—"

"सांगितलं की तू रडशील. मग समदी म्हनतील, बिचारी, कबूल तरी केलं. तुझा नवरा तुला जवळ घील. मला तसं नगंय." तिला दम लागला होता, थांबून थांबून बोलत होती. "तू गप ऱ्हायाचं. मला न्हाऊ घालायचं, माझं समदं करायचं, आन गप ऱ्हायाचं. लोकं म्हनतील, जाऊ आसावी तर अशी. ते ऐकायचं."

मी डोळे पुसले. नर्स आली, तिनं सलाइन बदलली आणि आक्काला म्हणाली, "मावशी, नशीबवान आहात. किती करतात या तुमचं."

आक्का माझ्याकडे बघून हसली.

त्याला आता दीड वर्ष झालं. तिनं सांगितलं तसंच चाललंय. मी कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला सांगावं असं दोनदा मनात आलं, दोन्ही वेळा तिचं बोलणं आठवलं आणि ते खरं आहे हेही कळलं. मला रडायचंच होतं. कुणीतरी पाठीवरून हात फिरवावा एवढ्यासाठीच मला कबूल करायचं होतं. स्वयंपाकघर पुन्हा तिचं झालंय. ती चाकाच्या खुर्चीतून चव बघते आणि मीठ घालायला सांगते. वरची मुलगी लग्न करून बंगळूरला गेली. जाताना माझ्या पाया पडली.

मी पळणं सोडीन असं मला वाटलं होतं. महिनाभर सोडलंही. मग एका सकाळी उठून बूट घातले. वाईट वाटण्यानं पाय थांबत नाहीत, ही गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती. यंदाच्या शर्यतीला सरांनी दुसरा चेहरा शोधला, पिरंगुटकडचा एक माणूस, यंत्रात पाय गेलेला. त्याच्यासाठी त्याचा भाऊ पळाला. मी मागच्या घोळक्यातून, कुणाचंच नाव न लावता पळाले आणि माझ्या आजवरच्या सगळ्या शर्यतींपेक्षा कमी वेळात आले.

घरी आले तेव्हा साडेनऊ वाजले होते. आक्का न्हाणीघरात पाटावर बसून माझी वाट बघत होती. दीर तिला बसवून बाहेर गेले होते. मी घामाच्या कपड्यांतच बादली भरली, पदर खोचावा तसा टी-शर्ट खोचला आणि तिच्या पाठीवर पाणी घातलं.

"किती लागला टायम?" तिनं विचारलं.

मी सांगितला.

"मागच्यापेक्षा बरा हाय," ती म्हणाली. "पानी लई गरम हाय. थोडं गार घाल."